स्वयंसेवेचे लाभ आणि तिचे न दिसणारे मोल

घरचे खाऊन लष्कराच्या भाकऱ्या भाजणे, हा वाक्प्रचार मराठीत बहुधा उपहासाने वापरला जातो. आपला संसार सोडून लोकांच्या उठाठेवी करणाऱ्याला घरातील वडील मंडळी याच शब्दांत बोल लावतात. परंतु उपहास बाजूला ठेवला, तर एवढ्याशा वाक्प्रचारात एक नेमका हिशेब सांगितलेला आढळतो. भाकरी लष्कराला मिळते. भाजणाऱ्याला तिचे दाम मिळत नाही. आणि भाजणाऱ्याच्या पोटाला लागणारे अन्न घरातून येते. म्हणजे ज्याला आपण विनामूल्य काम म्हणतो, त्याचे मोल कोणी तरी, कोठे तरी भरीत असतेच. स्वयंसेवेविषयी बोलताना एक तर तिचा गौरव केला जातो, नाही तर तिची थट्टा. हा हिशेब मांडून पाहण्याची तसदी सहसा कोणी घेत नाही.

लाभाची बाजू आधी पाहू. दुसऱ्याला मदत केल्याने करणाऱ्याला बरे वाटते, हे सांगण्यासाठी शास्त्राची गरज नाही. तथापि गेल्या चाळीस वर्षांत मानसशास्त्रज्ञांनी या साध्या अनुभवाची पुष्कळ छाननी केली आहे, आणि तीतून निघालेले निष्कर्ष मात्र साधे नाहीत. अॅलन ओमोटो आणि मार्क स्नायडर या दोघांनी १९९५ मध्ये अमेरिकेतील एड्सग्रस्तांची शुश्रूषा करणाऱ्या स्वयंसेवकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. केवळ परोपकाराच्या भावनेने आलेले स्वयंसेवक अधिक काळ टिकतील, अशी कोणाचीही अपेक्षा असणार. प्रत्यक्षात अधिक काळ टिकले ते स्वतःसाठी काही मिळवू पाहणारे: ज्यांना नवे काही शिकायचे होते, आपल्याविषयीचा आदर वाढवायचा होता, ते. याउलट सारा कॉनराथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये विस्कॉन्सिन राज्यातील वृद्धांविषयी जे निष्कर्ष मांडले, त्यांत इतरांसाठी म्हणून स्वयंसेवा करणारे अधिक जगले आणि स्वतःच्या लाभासाठी ती करणाऱ्यांना आयुर्मानाचा असा कोणताही लाभ झालेला दिसला नाही. पहिल्या अभ्यासाचा विषय कामातील चिकाटी, दुसऱ्याचा आयुष्याची लांबी. तेव्हा दोन्ही निष्कर्ष एकाच वेळी खरे असू शकतात. शिवाय मुळात ज्यांची प्रकृती धड असते तेच स्वयंसेवेला बाहेर पडू शकतात, ही अडचण अशा सर्वच अभ्यासांना थोडीबहुत भोवते. एवढे मात्र निश्चित, की सेवा करणाऱ्याच्या मनातला ‘मी’ काढून टाकता येत नाही. १९६९ मध्ये, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, भारत सरकारने महाविद्यालयीन विद्यार्थ्यांसाठी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा आशयाचे तिचे ब्रीद आहे. ब्रीद म्हणून ते थोरच आहे. परंतु दोन वर्षांत २४० तास भरल्यावर मिळणाऱ्या प्रमाणपत्रावर नाव असते ते त्या ‘मी’चेच, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही.

ही झाली शांततेच्या काळातील स्वयंसेवा. तिच्यातील लाभ आणि मोल दोन्ही बेताचेच असतात. आपत्तीच्या काळात दोन्ही एकदम वाढतात, आणि मग त्यांचे खरे स्वरूप दिसू लागते. त्यासाठी दिल्ली शहराकडे पाहणे उपयुक्त ठरेल. देशाची राजधानी असूनही, किंबहुना राजधानी असल्यामुळेच, स्वातंत्र्यानंतर या शहरात शासनाची यंत्रणा डोळ्यांदेखत कोलमडल्याचे आणि सामान्य नागरिकांनी ओझे उचलल्याचे प्रसंग पुनःपुन्हा आले. त्यांतील काही जणांनी आपले अनुभव लिहूनही ठेवले आहेत.

१९४७ च्या सप्टेंबरात दिल्लीत दंगली उसळल्या. शहरातील मुसलमान कुटुंबे जीव वाचवण्यासाठी पुराना किल्ला आणि हुमायूनचा मकबरा यांच्या आवारात गोळा झाली. त्याच वेळी पश्चिम पंजाबातून उखडलेली हिंदू व शीख कुटुंबे किंग्जवे कॅम्पात आणि शहराच्या मोकळ्या जागांवर उतरत होती. पुढील काही वर्षांत सुमारे पाच लाख निर्वासित दिल्लीत स्थिरावले, यावरून त्या लोंढ्याची कल्पना यावी. एका बाजूला जाणाऱ्यांची छावणी, दुसऱ्या बाजूला येणाऱ्यांची, आणि दोहोंमध्ये सारखीच भूक, सारखीच थंडी.

या छावण्यांत काम करणाऱ्यांमध्ये बेगम अनीस किदवई होत्या. त्यांचे पती शफी अहमद किदवई हे काँग्रेसचे नेते रफी अहमद किदवई यांचे बंधू. मसुरी नगरपालिकेचे प्रशासक म्हणून ते काम पाहत होते. शहर सोडून जाण्याचा सल्ला मिळत असतानाही ते आपल्या जागेवरून हलले नाहीत, आणि १९४७ च्या ऑक्टोबरात त्यांची हत्या झाली. बेगम किदवई त्या वेळी चाळिशीच्या होत्या. दुःखाने खचलेल्या अवस्थेत त्या दिल्लीला गांधीजींकडे गेल्या. गांधीजींनी त्यांचे सांत्वन केले आणि त्यांना काम दिले: छावण्यांत जाऊन निर्वासितांची सेवा करावी.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. ज्या स्त्रीवर नुकताच वैधव्याचा आघात झाला आहे, तिला मृत्यू आणि रोगराई यांनी भरलेल्या छावणीत पाठवणे हा उपचार म्हणावा की क्रौर्य? सामान्यतः आपल्याकडे अशा स्त्रीला घरात बसवून ठेवतात, लोक भेटीला येतात, आणि दुःखाभोवती एक कोंडवाडा तयार होतो. गांधीजींनी तो तयार होऊ दिला नाही. औषधे, कपडे, पांघरुणे यांची वाटणी; आजाऱ्यांची विचारपूस; हरवलेल्या माणसांची चौकशी, या कामांत बेगम किदवईंचे दिवस जाऊ लागले. पुढे मृदुला साराभाई आणि सुभद्रा जोशी यांच्यासोबत त्या दिल्लीच्या परिसरातील गावांतही शांततेच्या कामासाठी फिरल्या. आपल्या दुःखाला हजारो दुःखांच्या रांगेत उभे केले, की ते लहान होत नाही. पण ते एकटे राहत नाही. स्वयंसेवेचा सर्वांत मोठा लाभ कोणता, असे विचारले तर तो हा होय. प्रतिष्ठा, अनुभव, ओळखी हे सर्व त्यानंतर येते.

परंतु याच लाभाच्या पोटात त्याचे मोलही दडलेले असते. ज्याने आपल्या जखमेवर कामाची पट्टी बांधली, त्याला ती पट्टी सोडवत नाही. काम थांबवणे म्हणजे पुन्हा त्या जखमेसमोर उभे राहणे. त्यात ३० जानेवारी १९४८ रोजी, ज्यांच्या शब्दावर ही माणसे कामाला लागली होती, त्या गांधीजींचीच हत्या झाली. काम मात्र तसेच पुढे होते. बेगम किदवई पुढे १९५६ मध्ये राज्यसभेच्या सदस्य झाल्या. त्या दिवसांची त्यांनी लिहिलेली हकीगत ‘आज़ादी की छाँव में’ या नावाने उर्दूत आहे. ती त्यांनी घटनांनंतर लवकरच लिहून काढली होती. ग्रंथरूपाने ती १९७४ मध्ये प्रसिद्ध झाली. मध्ये पाव शतक लोटले.

या पाव शतकाचा विचार सहज दुर्लक्षिण्यासारखा नाही, कारण तशीच दुसरी उदाहरणे आढळतात. फाळणीच्या काळात पळवून नेलेल्या स्त्रियांचा शोध घेऊन त्यांना परत आणण्याचे काम दोन्ही देशांनी डिसेंबर १९४७ च्या करारानुसार हाती घेतले. त्यासाठी भारतात १९४९ मध्ये कायदाही झाला. हे काम प्रत्यक्ष केले ते बव्हंशी स्त्री-कार्यकर्त्यांनी. आरंभी त्यात शंकेला जागा नव्हती. पुढे मात्र काही स्त्रिया परत येण्यास नकार देऊ लागल्या. कित्येकींनी नवे संसार मांडले होते, त्यांना मुले झाली होती. कायद्याने त्यांच्या इच्छेला स्थान ठेवले नव्हते. अनेकींना मुलांपासून तोडून आणावे लागले, आणि तोडण्याचे ते काम सेवाभावाने घराबाहेर पडलेल्या बायकांच्या वाट्याला आले. मृदुला साराभाईंच्या सहकारी कमलाबेन पटेल यांनी लाहोरात राहून हे काम केले. त्याविषयीचा त्यांचा गुजराती ग्रंथ येण्यास जवळजवळ तीन दशके लागली.

वेतन घेणारा अधिकारी म्हणू शकतो, ‘मी हुकमाचा ताबेदार, निर्णय वरून आला.’ ही पळवाट फारशी उदात्त नसेल, परंतु तिच्यामुळे त्याला रात्री झोप येते. स्वयंसेवकाला हा आसरा नसतो. तो स्वेच्छेने आलेला असतो. म्हणून जे चुकते तेही त्याच्या स्वेच्छेच्या खात्यावर जमा होते. स्वयंसेवेच्या अदृश्य मोलांपैकी हे सर्वांत जड, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी.

१९८४ मध्ये, इंदिरा गांधींच्या हत्येनंतर दिल्लीत शिखांची कत्तल झाली. सरकारने नेमलेल्या आहुजा समितीने नंतर मृतांचा आकडा २,७३३ असा निश्चित केला. पोलीस हात बांधून उभे असताना प्राध्यापक, विद्यार्थी, गृहिणी, वकील असे नागरिक एकत्र आले, त्यांनी शहरातून मोर्चा काढला आणि त्यातूनच नागरिक एकता मंच ही संघटना उभी राहिली. तिचे स्वयंसेवक मदतछावण्यांत अन्न-वस्त्र पोचवण्यापासून नुकसानभरपाईचे अर्ज भरून देण्यापर्यंत पडेल ते काम करीत. त्या मोर्चात सामील झालेले कादंबरीकार अमिताव घोष यांनी या दिवसांविषयीचा लेख १९९५ मध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी लिहिला. जे पाहिले ते लिहिताना हिंसेचे नुसते दृश्य होऊन बसेल, ही चिंता त्यांनी त्यात नोंदवली आहे. समाजशास्त्रज्ञ वीणा दास यांनी सुलतानपुरीतील वाचलेल्या कुटुंबांसोबत दीर्घकाळ काम केले. शोक करणाऱ्याचे ऐकणे हेच एक श्रमाचे काम आहे, हा विचार त्यांच्या लेखनातून पुढे आला. ऐकण्याच्या श्रमाला ना मस्टर असते, ना हजेरी. ते करणारा माणूस संध्याकाळी घरी येतो तेव्हा त्याने दिवसभर काय केले, हे त्याच्या घरच्यांनाही कळत नाही.

या थकव्याला नाव मिळाले ते अमेरिकेत, आणि तेही स्वयंसेवकांच्याच संदर्भात, ही गोष्ट आज बहुतेकांच्या विस्मरणात गेली आहे. मानसोपचारतज्ज्ञ हर्बर्ट फ्रॉयडनबर्गर हे न्यूयॉर्कमधील एका मोफत दवाखान्यात दिवसभराचा व्यवसाय संपवून रात्री उशिरापर्यंत विनावेतन काम करीत. तेथील सहकाऱ्यांची आणि स्वतःची अवस्था पाहून त्यांनी १९७४ मध्ये ‘बर्न-आउट’ या विषयावर लेख लिहिला. आता हा शब्द कार्यालयांतील मोठमोठ्या पगारांच्या नोकरदारांच्या तोंडी रुळला आहे. जन्माने मात्र तो धर्मादाय दवाखान्यातला. मराठीत त्याला करपणे म्हणता येईल, आणि भाकरीच्या दृष्टांताशी ते जुळतेही. फ्रॉयडनबर्गर यांनी सांगितलेली लक्षणे अशी: न हटणारा शीण, रेंगाळणारी सर्दी, डोकेदुखी, लहानसहान गोष्टींवरून संताप, ज्यांची सेवा करायची त्यांच्याविषयीच तुच्छता, आणि तास वाढत जात असताना कामाचा उठाव कमी कमी होत जाणे. सर्वांत आधी कोण करपतो, या प्रश्नाला त्यांचे उत्तर होते: जो सर्वांत निष्ठावान असतो तो. कारण आळशी माणूस वेळेवर घरी जातो.

घराचा उल्लेख आला, तेव्हा घराच्या वाट्याला येणारे मोलही पाहिले पाहिजे. २०१९ मधील राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देतात, पुरुष ९७ मिनिटे. या आकड्यांचा स्वयंसेवेशी थेट संबंध वरवर दिसणार नाही. परंतु पुरुष समाजकार्यासाठी बाहेर पडतो तेव्हा त्याच्यामागे बहुधा कोणी तरी स्त्री पाच तास राबत असते, आणि स्त्री बाहेर पडते तेव्हा ती ते पाच तास आटोपून पडते. महाराष्ट्रातील समाजसेवकांची चरित्रे वाचतानाही हे जाणवते. नायकाच्या त्यागावर प्रकरणे असतात. त्या त्यागाचा हप्ता दरमहा भरणाऱ्या पत्नीला एखादा परिच्छेद मिळतो.

२०२१ च्या एप्रिल-मे महिन्यांत करोनाच्या दुसऱ्या लाटेत दिल्ली आणि तिच्या आसपासच्या शहरांत प्राणवायू मिळेनासा झाला. तेव्हाचे स्वयंसेवक बहुतांशी विशीतले होते, आणि त्यांची छावणी म्हणजे हातातला फोन. कोणत्या रुग्णालयात खाट रिकामी आहे, सिलिंडर कोठे भरून मिळेल, हे शोधून, खात्री करून ते अनोळखी माणसांना कळवीत. कित्येकदा पत्ता मिळेपर्यंत रुग्ण गेलेला असे, आणि दुसऱ्या क्षणी पुढचा फोन वाजे. या मुलांना ना प्रशिक्षण होते, ना पाळी, ना वरिष्ठ.

त्याच दिवसांत गाझियाबादजवळच्या इंदिरापुरम येथील गुरुद्वाऱ्यापुढे ‘ऑक्सिजन लंगर’ चालला होता. रुग्णांना वाहनातच, रस्त्याच्या कडेला, प्राणवायू लावला जात होता. येथेही माणसे थकली, आजारी पडली असणार. तरी पण या दोन प्रकारांच्या सेवेत एक भेद आहे, आणि तो पाहण्यासाठी एरवीच्या दिवशी दिल्लीच्या बंगला साहिब गुरुद्वाऱ्याच्या स्वयंपाकघरात जावे. तेथे कोणी मटार सोलत असतो, कोणी रोट्या लाटतो, कोणी ताटे घासतो. तासाभराने तो उठतो, हात धुतो, निघून जातो. त्याची जागा दुसरा घेतो. कोणाच्याही जाण्याने लंगर अडत नाही, आणि म्हणून कोणालाही जाताना अपराधी वाटत नाही. शतकांच्या अनुभवातून ही व्यवस्था घडली आहे. आधुनिक संस्थांना ‘स्वयंसेवक व्यवस्थापन’ म्हणून जे शिकवले जाते, त्यातील बराचसा भाग या स्वयंपाकघरात आयता मिळेल. फोनवरच्या मुलांना नेमके हेच लाभले नव्हते: कामातून उठण्याची मुभा.

सगळे काम अर्थात तासाभराच्या पाळ्यांत वाटता येत नाही. मूल सांभाळण्याचे काम तर मुळीच नाही. मुलाला रोज तोच चेहरा हवा असतो. १९६९ मध्ये गांधी शताब्दीसाठी दिल्लीत राजघाट येथे बांधकाम चालू असताना मजूर स्त्रियांची तान्ही मुले धुळीत, उन्हात पडलेली मीरा महादेवन यांनी पाहिली. महाराष्ट्राच्या किनाऱ्याशी नाते सांगणाऱ्या, मराठी बोलणाऱ्या बेने इस्राएल समाजात त्या जन्मल्या होत्या. माहेरचे आडनाव मेंद्रेकर. त्यांनी बांधकामाच्या जागेवरच तंबूत पाळणाघर सुरू केले. ‘मोबाइल क्रेशेस’ ही संस्था त्यातून उभी राहिली. आरंभ उत्साही स्वयंसेविकांनी केला. परंतु हे काम उत्साहावर चालणारे नाही हे ओळखून संस्थेने बालसंगोपनाचे रीतसर प्रशिक्षण देऊन, वेतन देऊन कार्यकर्त्या तयार केल्या. मीराबाई १९७७ मध्ये वारल्या. काम चालू राहिले. सेवेचे नोकरीत रूपांतर झाले की तिचे पावित्र्य गेले असे मानणारे लोक आहेत. त्या मुलांच्या आयांना विचारले असते, तर त्यांनी वेगळे उत्तर दिले असते.

शासनाने मात्र नेमका उलटा मार्ग धरला. १९७५ मध्ये एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि गावोगाव, वस्तीवस्तीत अंगणवाड्या निघाल्या. त्या चालवणाऱ्या स्त्रिया रोज ठरलेल्या वेळी येतात, मुलांना आहार देतात, त्यांची वजने करतात, नोंदवह्या भरतात, आणि सांगितले तेव्हा सर्वेक्षणेही करतात. सरकारदरबारी त्या कर्मचारी नव्हेत, मानसेवी कार्यकर्त्या. त्यांना मिळते ते वेतन नव्हे, मानधन. २००५ नंतर आलेल्या आशा कार्यकर्त्यांचीही गत हीच. स्वयंसेवक हा सुंदर शब्द येथे पगार वाचवण्याच्या कामी आला. अंगणवाडी कार्यकर्त्यांची जागा ही शासकीय पद नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये म्हटले. ३१ जानेवारी २०२२ पासून दिल्लीतील अंगणवाडी कार्यकर्त्या आणि मदतनीस मानधनवाढीसाठी संपावर गेल्या. संप पाच आठवड्यांहून अधिक चालला. मार्चमध्ये अत्यावश्यक सेवा कायदा लावून त्यावर बंदी घालण्यात आली आणि शेकडो जणींना कामावरून काढण्यात आले. जे काम केवळ ऐच्छिक सेवा म्हणून वर्षानुवर्षे स्वस्तात मिळत होते, ते थांबताच अत्यावश्यक ठरले.

त्यानंतर महिना-दीड महिन्यात, एप्रिल २०२२ मध्ये, गुजरातमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी कार्यकर्त्या व मदतनीस यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. म्हणजे निवृत्तीच्या वेळी मिळणाऱ्या रकमेपुरती त्यांची सेवा ही नोकरी ठरली. दर महिन्याला त्यांच्या हाती पडणाऱ्या रकमेला निकालानंतरही मानधन हेच नाव राहिले.